काळी चारच्या किंचित खाली

तालिवाल्डिस रात्री दीड वाजता उठून बसला
आणि म्हणाला, काळी चार. पण किंचित उतरलेली.
मला वाटलं, स्वप्नात कुणाचा तरी पियानो लावतोय.
चाळीस वर्षं हेच ऐकत आलेय मी,
लग्नाच्या रात्रीसुद्धा त्याला गळक्या नळात षड्ज सापडला होता.

पण आवाज खरा होता.
पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर, कुणी हात न लावता,
लिएपायाचं वारं खिडकीच्या फटीतून शिरत असताना,
उकडत असल्यासारखा पंखा फिरवत होता.

तो अंधारातच गेला. माऊस हलवला.
आत कोण काय काम करतंय ती यादी उघडली,
आणि पंखा गप्प.
यादीत सगळे सज्जन.
यादी मिटून अंथरुणात शिरला,
पाय ऊब धरायच्या आत
पुन्हा काळी चार.

अँटीव्हायरसने चार तास चाळून
हिरवी खूण दिली: धोका आढळला नाही.
विजेच्या बिलाला मात्र आढळला होता.

वरच्या मजल्यावरचा रेनार्स आला,
बोटीवर वायरमन, तेव्हा सुट्टीवर.
सेफ मोडच्या उघड्याबोडक्या पडद्यावर
त्याने चोर धरला:
विंडोजच्याच एका चाकराचं नाव,
मधलं फक्त एक अक्षर खाल्लेलं.
उडवला. आम्ही तिघांनी केक खाल्ला.
आणि रात्री दीड वाजता...

मुळाशी एक वेळापत्रक होतं,
मेलेल्याला रोज उठवणारं.
ते काढलं तर दुसरीकडून आणखी एक,
हरळीसारखं, वरून उपटा, खाली कांडं शिल्लक.

तालिवाल्डिस म्हणाला, तारही असंच करते.
खुंटी पिळून वर आणा,
सकाळी आपल्या जुन्या जागी उतरून बसलेली.
रेनार्स म्हणाला, काका, तार कुणाच्या पैशासाठी उतरत नाही.

मग त्याने विचारलं, हे घरात आलं कधी?
फाइलवर तारीख होती.
चौदा नोव्हेंबर, रात्रीचे अकरा वीस.
त्याच मिनिटाला उतरवून घेतलेलं एक सॉफ्टवेअर,
फुकटातलं, कुलूप फोडलेलं,
पियानो लावायचं.

कुणी बोललं नाही.
शिकाऊ पोरांच्या हातातले मोबाइल ज्याने काढून घेतले,
देवाने कान दिलेत ना, म्हणून,
तो कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत राहिला.

तेरा नोव्हेंबरला संगीतशाळेच्या बाइबाने
त्याला परत बोलावलं होतं.
वरचं सप्तक, ती म्हणाली होती, बघता का जरा पुन्हा.
मला घरी येऊन त्याने सांगितलं,
शाळेत ओल फार आहे.

खर्जातलं सगळं ऐकू येतं त्याला,
पंखा, ट्राम, माझं घोरणं.
वरच्या टोकाला फक्त हातोडीची लाकडी टकटक.

शेवटी डिस्क पुसली. सगळी.
गिऱ्हाइकांचे पत्ते मी आधी वहीत उतरवले, एकशे बारा,
त्यातले एकवीस वारलेले, तरी उतरवले.
बँकेचा पासवर्ड रेनार्सच्या फोनवरून बदलला.
आणखी काही ठेवायचंय? त्याने विचारलं.
तालिवाल्डिस म्हणाला, नाही.

आता वरच्या सप्तकाला मी जाते सोबत.
मला सुरांतलं काही येत नाही,
मी पोस्टात पार्सलं तोलायचे.
पण दोन तारांमधली थरथर थांबली
की त्याच्या कोटाची बाही ओढते.
बाइबा चहा ठेवते आणि जाताना दार लावून घेते.

रात्री दीडला मला अजून जाग येते.
घर गप्प असतं. तो जागाच असतो.
येतंय का काही? तो विचारतो.
आणि मी, खरं सांगायचं तर,
नाही म्हणण्याआधी
बराच वेळ ऐकते.